रुसलेलं ऑर्किड पुन्हा फुलवायचं तर तयारी दसऱ्याआधी

भेट मिळालेलं ऑर्किड दोन-तीन महिने फुलतं, मग फुलं गळतात आणि पुढे वर्ष-दीड वर्ष नुसती पानं. रोप मरत नाही आणि फुलतही नाही. अशा वेळी बहुतेक जण नर्सरीत जाऊन ‘फुलं येण्याचं खत’ घेऊन येतात. खरं तर खताचा नंबर या कामात बराच खाली लागतो. आधी मुळं धड हवीत, मग पानांना पुरेसा उजेड, आणि त्यानंतर सलग काही आठवडे गारवा. मुळं कुजकी असतील किंवा रोप अंधारात असेल तर गारव्याचा काही उपयोग होत नाही. आणि आपल्याकडे गारवा वर्षातून एकदाच, तोही मोजके दिवस मिळतो. डिसेंबरात जाग येऊन धावपळ केली की ते दिवस कुंडी बदलण्यात आणि जागा शोधण्यात जातात. म्हणून उलटं मोजायचं: थंडी साधारण दिवाळीनंतर, तर रोप दसऱ्याला तयार हवं आणि मुळांचं काम पावसाळ्यातच उरकलेलं हवं.

आधी रोप कोणतं ते ओळखा

विकताना कागदावर नुसतं ‘ऑर्किड’ लिहिलेलं असतं, आणि इथूनच गोंधळ सुरू होतो. रुंद, जाड पानं दोन बाजूंना एकमेकांवर बसलेली, मधे खोड असं काही दिसत नाही, जाड मुळं कुंडीबाहेर डोकावतात आणि फुलांचा दांडा लांब, कमानदार असतो. हे वर्णन जुळलं तर ते फॅलेनॉप्सिस. भेट म्हणून येणारं रोप बहुधा हेच असतं. पेरं असलेल्या उभ्या कांड्या आणि त्यांवर अरुंद पानं असतील तर ते डेंड्रोबियम. दोघांच्या गरजा बऱ्याच वेगळ्या आहेत. पुढच्या पायऱ्या फॅलेनॉप्सिसच्या आहेत, डेंड्रोबियमचं शेवटी लिहिलं आहे.

रोपाला किमान तीन, शक्यतो चार निरोगी पानं हवीत. दोनच पानं असतील तर यंदा फुलांचा नाद सोडा आणि फक्त पहिल्या तीन पायऱ्या करा.

पायरी १: मुळं तपासा (जुलै ते सप्टेंबर)

लागणारं सामान: धारदार कात्री, सर्जिकल स्पिरिट, कोमट पाण्याची बादली, भोकं असलेली पारदर्शक प्लास्टिकची कुंडी, नवीन माध्यम (मातीऐवजी कुंडीत भरायचं मिश्रण), बांबूची काडी.

आधी रोप त्या शोभेच्या चिनी मातीच्या कुंडीतून बाहेर काढा. तिला तळाला भोक नसतं आणि पाणी आत साचून राहतं. कित्येक ऑर्किडं याच एका कारणाने खंगतात. मग आतली प्लास्टिकची कुंडी दाबून रोप मोकळं करा आणि वीस मिनिटं पाण्यात ठेवा. मुळं मऊ होतात, तुटत नाहीत.

आता मुळांच्या मधोमध बोट घाला. बऱ्याच रोपांत तिथे घट्ट दाबलेल्या मॉसचा (सुक्या शेवाळाचा) किंवा स्पंजचा गोळा सापडतो. रोप लहान असताना तो घातलेला असतो आणि पुढे कुणी काढत नाही. बाहेरचं मॉस कोरडं वाटलं तरी हा गोळा आत ओलाच राहतो आणि मुळं मधून कुजत जातात. चिमट्याने थोडा थोडा करून सगळा काढून टाका.

मग एकेक मूळ दोन बोटांत धरून हलकेच दाबा. घट्ट लागलं तर ते चांगलं आहे, मग त्यावर तपकिरी डाग असले तरी चालतील. मेलेलं मूळ दाबल्यावर चपटं होतं, साल हातात येते आणि आत नुसती तार उरते. असं मूळ निरोगी भाग लागेपर्यंत मागे कापा. कात्री आधी आणि मधूनमधून स्पिरिटने पुसा. कापलेल्या टोकाला दालचिनीची पूड चालते, पण ती फक्त कापलेल्या जागी लावायची. दालचिनी ओल शोषून घेते, सगळ्या मुळांना फासली तर चांगली मुळंही सुकतात.

माध्यम हवेनुसार ठरवा. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट ठिकाणी पाइनची साल किंवा लोणारी कोळसा, त्यात थोडे विटेचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. तिथे मॉस टाळलेलंच बरं. पुणे, नाशिक, मराठवाडा, विदर्भ इथे हवा कोरडी असते, म्हणून सालीत साधारण पाव ते एक तृतीयांश स्फॅग्नम मॉस मिसळा. सोडणाचे तुकडे वापरण्याआधी तीन-चार दिवस पाण्यात भिजवा आणि पाणी रोज बदला. त्यातले क्षार आणि रंग निघून गेले पाहिजेत. शेगडीसाठी पावडर दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या मिळतात, त्या घेऊ नका.

कुंडी मुळांचा गोळा जेमतेम मावेल एवढीच घ्या, चार किंवा पाच इंचांची. मोठी कुंडी म्हणजे जास्त ओल आणि पुन्हा कूज. भरताना माध्यम दाबून ठासू नका, कुंडी टेबलावर आपटून बसवा. रोप हलत असेल तर काडीला बांधा. हलणाऱ्या रोपाची नवी मुळं घासून तुटतात.

*तपासणी:* छाटणीनंतर तीनपेक्षा कमी घट्ट मुळं उरली असतील तर रोप यंदा रुग्ण आहे असं समजा. दांडा आलाच तरी कापून टाका. कापणं जिवावर येतं, पण अशक्त रोपाने फुलं काढली तर पुढच्या पावसाळ्यात ते बहुतेक हाती लागत नाही.

*सावधान:* कुंडीत माती घालू नका. ‘थोडी माती, थोडं गांडूळखत’ असंही नको. या रोपाची मुळं झाडांच्या सालीवर उघड्या हवेत वाढणारी आहेत, मातीत ती गुदमरतात. नुसतं कोकोपीटही तसंच, ते ओलं झालं की दिवसेंदिवस ओलं राहतं.

कुंडी बदलल्यावर तीन-चार दिवस पाणी देऊ नका. कापलेल्या जागा सुकू द्या आणि रोप सावलीत ठेवा.

पायरी २: प्रकाश वाढवा, पण हळूहळू

पानं गर्द, काळपट हिरवी असतील तर रोप अंधारात आहे. लोक त्या गडद रंगाला तब्येत समजतात. फुलणाऱ्या फॅलेनॉप्सिसची पानं मध्यम, किंचित पोपटी हिरवी असतात. पिवळट किंवा लालसर झाक आली तर उजेड जास्त होतोय.

हाताने एक सोपी चाचणी करता येते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास पानांच्या वर फूटभर अंतरावर तळहात धरा. सावलीची कड पुसट, पण हाताचा आकार कळतोय, तर जागा योग्य. कड धारदार असेल तर ऊन फार, सावलीच पडत नसेल तर उजेड कमी.

पूर्वेची गॅलरी किंवा खिडकी सगळ्यात चांगली. साडेआठ-नऊपर्यंतचं कोवळं ऊन थेट लागलं तरी चालतं. पश्चिमेला ७५ टक्क्यांची शेडनेट लावल्याशिवाय ठेवू नका. उत्तरेची खिडकी असेल तर रोप काचेला जवळजवळ खेटून हवं. इथे एक गोष्ट सहज निसटते: फ्लॅटच्या खिडक्यांना रंगीत काच असते, तिच्या पुढे मच्छरजाळी आणि वर पडदा. आपल्याला खोली उजळ वाटते, पण रोपापर्यंत फार थोडा उजेड पोचतो. अशा घरात २० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब पानांपासून फूटभर उंचीवर रोज बारा तास लावा. खिडकीच्या उजेडाला तेवढी जोड पुरते. रात्री मात्र अंधारच हवा.

*सावधान:* हॉलच्या कोपऱ्यातलं रोप एका दिवसात गॅलरीत नेऊ नका. दर तीन-चार दिवसांनी खिडकीकडे थोडं सरकवा. भाजलेल्या पानावरचा पांढरा-तपकिरी डाग परत हिरवा होत नाही. दुपारी पानाला हात लावून बघा. ते गरम लागलं तर त्याच दिवशी मागे घ्या.

पायरी ३: पाणी आणि खताची सवय बसवा (ऑक्टोबरअखेरपर्यंत)

पाण्याला वार ठरवू नका. पारदर्शक कुंडीचा फायदा इथे होतो. आतली मुळं हिरवी दिसतात तोवर पाणी नको, ती चंदेरी-राखाडी झाली की द्या. देताना कुंडी नळाखाली धरून मिनिटभर पाणी आरपार जाऊ द्या आणि निथळून मगच जागेवर ठेवा. पाणी सकाळीच द्या. दोन पानांच्या बेचक्यात किंवा मधल्या कोंबात पाणी साचलं तर कागदाने टिपून घ्या. हे रोप वरच्या एकाच कोंबातून वाढतं, तो कुजला की संपलं.

पावसाळ्यात रोप उघड्यावर ‘पावसाचं पाणी चांगलं’ म्हणून ठेवतात. पाणी चांगलंच असतं, पण आठ-आठ दिवसांची झड चांगली नसते. पाऊस बादलीत धरा आणि ते पाणी गरजेपुरतं घाला. कोंदट गॅलरीत पंख्याची हलकी झुळूक मिळाली तर बुरशीचा त्रास बराच कमी होतो.

खतासाठी पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ पुरे. शेतीच्या कुठल्याही दुकानात मिळतं. प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे दोन लिटर पाण्यात साधारण पाव लहान चमचा. आठवड्यातून एकदा, तेही मुळं आधी साध्या पाण्याने ओली करून. महिन्यातून एकदा खताची पाळी चुकवून भरपूर साधं पाणी सोडा, साचलेले क्षार धुऊन निघतात. घरात बोअरचं पाणी असेल तर ही धुलाई आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याने करा. कोळशावर पांढरा थर दिसू लागला तर क्षार साचलेत हे नक्की.

००:५२:३४ हे भरपूर स्फुरद असलेलं खत ओतून फुलं येत नाहीत. द्राक्षबागेत ते कामाचं असेल, पण ज्या ऑर्किडला उजेड आणि गारवा मिळालेला नाही त्याला स्फुरद पाजून दांडा निघत नाही. तांदळाचं पाणी, ताक, कांद्याच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा यांचीही तीच कथा. सालीच्या माध्यमात ते आंबतं, चिलटं येतात आणि मागोमाग बुरशी. कुणाचं ऑर्किड ताकावर फुललं असेल, तर ते ताक नसतं तरी फुललं असतं.

*तपासणी (दसऱ्याच्या सुमारास):* वरचं नवीन पान खालच्या पानाएवढं किंवा मोठं होतंय का? मुळांना हिरवी किंवा लालसर ओली टोकं आहेत का? दोन्हीला ‘हो’ असेल तर पुढे जा. नवीन पान जुन्यापेक्षा लहान राहत असेल तर पहिल्या दोन पायऱ्यांत काहीतरी राहून गेलंय.

पायरी ४: गारवा द्या (नोव्हेंबर ते फेब्रुवारी)

फॅलेनॉप्सिस दांडा काढायचं ठरवतं ते मुख्यतः तापमानावरून. सलग चार ते सहा आठवडे हवा गार मिळाली की पानाच्या बगलेतला डोळा, म्हणजे झोपलेला कोंब, जागा होतो. ‘रात्री पाच अंश कमी झाले की पुरे’ हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, पण तो अर्धाच आहे. दिवसाही रोपाभोवती पारा साधारण २५-२६ अंशांच्या आत राहिला पाहिजे. रात्र १७ अंशांची मिळाली आणि दिवसभर पश्चिमेच्या गॅलरीत ३० अंशांत रोप तापलं, तर डोळा झोपूनच राहतो. पुण्यातली कडाक्याची थंडी भोगूनही न फुललेल्या रोपांचं कोडं बहुधा असंच सुटतं.

कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर आणा आणि कुंडीशेजारी ठेवा. हवामान खात्याचा आकडा शहराचा असतो. तुमच्या खिडकीत काय आहे ते त्यावरून कळत नाही.

पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूर: इथे थंडी भरपूर मिळते, फक्त तिला आवर घालावा लागतो. रोप पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीत आतल्या बाजूला ठेवा आणि संध्याकाळनंतर खिडकी उघडी ठेवा. लक्ष्य रात्री १५ ते १९ अंश. डिसेंबर-जानेवारीत बाहेर पारा १०-११ च्या खालीही जातो, तेव्हा खिडकी बंद करा. १३ अंशांखाली पानांवर खोलगट, पाणचट डाग पडतात आणि कळ्या धरल्या असतील तर त्या पिवळ्या पडतात.

मुंबई, ठाणे, कोकण किनारा, गोवा: इथे दुपार जानेवारीतही ३० च्या आसपास असते. थंडीचे मोजके दिवस वाया घालवायचे नसतील तर डिसेंबरच्या मध्यापासून रोप घरातल्या सगळ्यात गार, पण उजेडाच्या खोलीत हलवा. घरून काम करताना एखाद्या खोलीत दिवसभर २४ वर एसी चालत असेल तर तिची खिडकी उत्तम. फक्त एसीचा झोत थेट पानांवर नको. एसीने हवा कोरडी होते, म्हणून पसरट ताटलीत खडे आणि पाणी घालून कुंडी खड्यांवर ठेवा. कुंडीचा तळ पाण्याला टेकता कामा नये.

या काळात खत पंधरा दिवसांतून एकदाच द्या. पाणी मात्र तोडू नका.

*सावधान:* डाळिंबाला किंवा संत्र्याला ताण देऊन बहार धरतात, तोच प्रयोग काही जण ऑर्किडवर करतात. महिना-महिना पाणी बंद. फॅलेनॉप्सिसकडे पाणी साठवायला कंद नाही की कांडी नाही, जे काही आहे ते पानांत आणि मुळांतच. ताण दिला की पानं सुरकुततात, मुळं वाळतात आणि ते वर्ष गेलं असं समजा. गारवा हवा, तहान नको.

पायरी ५: दांडा की मूळ, ते ओळखा

गारव्याच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात पानांच्या बगलेतून, बहुधा वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानाखाली, एक हिरवा ठोंब दिसू लागतो. लगेच हुरळून जाऊ नका, ते मूळही असू शकतं. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत आणि चकचकीत असतं, आणि काही दिवसांत त्यावर मागून चंदेरी साल चढते. दांड्याचं टोक चपटं, एका बाजूला खाच असलेलं, अंगठा बाहेर काढून मिटलेल्या मुठीसारखं दिसतं. तो बहुधा पान बाजूला सारत उजेडाकडे वर वळतो. अंगावर चंदेरी साल नसते, हिरवा किंवा जांभळट रंग शेवटपर्यंत राहतो. शंका असेल तर आठवडाभर थांबा. नखाने खरवडून बघू नका, टोक मोडलं तर तो दांडा तिथेच थांबतो.

दांडा नक्की झाला की कुंडीवर उजेडाच्या बाजूला पेनाने खूण करा आणि यापुढे कुंडी फिरवू नका. दांडा उजेडाकडे वाढतो. कुंडी फिरवली की तो वळण घेतो आणि फुलं वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून येतात.

दांडा वीतभर झाला की शेजारी काडी रोवा आणि सैल बांधा. काडी घालताना मुळं बघून घाला. दांडा कडक असेल तेव्हा ओढू नका, दर तीन-चार दिवसांनी थोडं थोडं वाकवा.

पायरी ६: कळ्या गळू देऊ नका

दांडा दिसल्यापासून फूल उमलायला दोन ते तीन महिने लागतात, म्हणजे कळ्या येतात त्या ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. सगळं नीट केलेल्या माणसाची निराशा होते ती इथे. कळ्या फुगतात, पिवळ्या पडतात आणि एका रात्रीत गळून जातात.

पहिलं कारण, जागा बदलणं. फुलं येणार म्हणून रोप खिडकीतून उचलून टीपॉयवर आणतात. किमान तीन-चार फुलं पूर्ण उमलेपर्यंत हलवू नका.

दुसरं कारण पिकणारी फळं. पिकताना त्यांतून इथिलीन वायू सुटतो आणि कळ्या त्याला फार नाजूक असतात. टेबलावरची केळी पुरेशी आहेत, आणि एप्रिलमध्ये त्याच खोलीत आंब्याची अढी लावलेली असेल तर कळ्यांची आशा नको. ऑर्किड दुसऱ्या खोलीत असू द्या. अढी हलवायला घरातलं कुणी तयार होणार नाही. उदबत्ती-धुपाचा धूरही कळ्यांना सोसत नाही, तेव्हा देवघराजवळची जागा टाळा.

तिसरं कारण कोरडी, गरम हवा. मार्चपासून पाणी लवकर लवकर लागतं, मुळांचा रंग रोज बघा. कळ्यांवर पाणी फवारू नका, डाग पडतात.

चौथं, कीड. दांड्यावर मुंग्यांची ये-जा दिसली की पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड शोधा, पानांच्या बगलेत आणि कळ्यांच्या देठांशी. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा आणि दर आठवड्याला पुन्हा बघा. मुंग्यांना खडूची रेघ मारून हा प्रश्न सुटत नाही.

पायरी ७: फुलं संपल्यावर, किंवा दांडा आलाच नाही तर

शेवटचं फूल गळल्यावर दांडा पिवळा-तपकिरी पडला असेल तर बुडाशी कापा. हिरवा असेल तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या डोळ्याच्या इंचभर वर कापला की कधी कधी बाजूची फांदी फुटून आणखी फुलं येतात. चार-पाच दणकट पानं असतील तरच हा लोभ धरावा. आपल्याकडे पुढे उन्हाळा असतो, त्यात रोपाला विश्रांती मिळालेली बरी, म्हणून एरवी मी बुडाशीच कापायला सांगेन.

फेब्रुवारी संपला आणि दांडा नाही, तर वाट बघणं थांबवा. खत पुन्हा आठवड्यावर आणा आणि थर्मामीटरचे आकडे आठवून बघा. दिवसाचा पारा २८-२९ राहिला असेल तर यंदा फक्त खिडकी बदलायची आहे, बाकी रोप ठीक आहे. आकडे बरोबर असतील आणि पानं गर्द हिरवी असतील तर कमी पडला तो प्रकाश.

डेंड्रोबियम असेल तर

नर्सरीत मिळणाऱ्या बहुतेक डेंड्रोबियमना गारव्याची ही सगळी उठाठेव लागत नाही. त्यांना ऊब आणि ऊन हवं. सकाळचं दहा-साडेदहापर्यंतचं ऊन, पुढे ५० टक्क्यांची शेडनेट. पावसाळ्यात नवीन कांडी फुटते, तेव्हा खत-पाणी भरपूर द्या. ती जुन्या कांड्यांएवढी जाड आणि उंच झाली की शेंड्यातून दांडा निघतो. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्याने नव्याने ऑर्किड घ्यायचं असेल तर मी फॅलेनॉप्सिसऐवजी हेच घ्यायला सांगेन.

इथली ठरलेली चूक म्हणजे पानं गळालेल्या जुन्या कांड्या ‘वाळल्या’ म्हणून कापणं. कांडी हिरवी आणि घट्ट असेल तर तिच्यात साठा आहे. नवीन कांडी त्याच साठ्यावर वाढते, आणि जुन्या कांडीच्या शेंड्यावर पुढच्या वर्षीही फुलं येऊ शकतात. पोकळ, सुरकुतलेली, तपकिरी झालेलीच तेवढी काढा. फुलांऐवजी वरच्या पेरांतून मुळांसकट पिल्लं फुटू लागली, तर आधी कुंडीतली मुळं कुजलेली नाहीत ना ते बघा, नत्र कमी करा आणि रोप आणखी उजेडात न्या. पिल्लाची मुळं दोन इंचांची झाली की कापून वेगळ्या लहान कुंडीत, कोळशात लावा.